बॅनरवरची मराठी अक्षरं का तुटतात, आणि डिझायनरला चित्रकला यायलाच हवी का?

गणपती आले, मग नवरात्र आली, की आपल्या बडोद्यात दांडिया बाजारापासून रावपुऱ्यापर्यंत बॅनरच बॅनर लागतात. हल्ली त्यातल्या बऱ्याच बॅनरवर एक नवीन प्रकार दिसतो. बाप्पाचं चित्र झकास असतं, मखर, फुलं, उजेड सगळं भारी, आणि खालचं मराठी वाचायला जावं तर वर शिरोरेषा आहे, खाली कसलीतरी वळणं आहेत, पण एक शब्द वाचता येईल तर शपथ. चित्र एआयने काढलेलं असतं आणि अक्षरंही त्यानेच काढलेली असतात.

दुसरीकडे बारावीच्या मुलामुलींचे आईवडील विचारतात की ग्राफिक डिझाइनला जायचंय तर ड्रॉइंग लागतं का हो? आता सगळं कॉम्प्युटरवरच असतं ना, आणि उद्या एआयच करणार असेल तर पेन्सिल घासून काय उपयोग?

मला हे दोन्ही प्रश्न एकमेकांना चिकटलेले वाटतात. अक्षर निवडायचं तर आधी ते नीट बघता आलं पाहिजे, आणि अक्षर बघायला माणूस शिकतो ते हाताने काढून काढूनच. हे का म्हणतोय ते पायरीपायरीने सांगतो.

आधी थोडे शब्द समजून घेऊ

टायपोग्राफी म्हणजे तयार अक्षरं निवडणं आणि ती मांडणं. कुठला फॉन्ट, केवढा, दोन ओळींत किती जागा, कुठे ठळक, कुठे बारीक, हे सगळं त्यात आलं. लेटरिंग वेगळं. तिथे एकाच ठिकाणासाठी तो एकच शब्द चित्रासारखा काढतात. मराठी नाटकांच्या जाहिरातींत नाटकाचं नाव बघूनच ते विनोदी आहे की गंभीर हे कळायचं ना, ते लेटरिंग, आणि त्यातलं मोठं नाव म्हणजे कमल शेडगे. त्यांनी कितीतरी नाटकांची आणि मासिकांची शीर्षकं हाताने घडवली. तिसरी कॅलिग्राफी, म्हणजे बोरू किंवा ब्रश घेऊन सुंदर लिहिणं. अच्युत पालव यांचं काम आठवा, मोडीचा अभ्यास करून त्यांनी ते वळण आजच्या अक्षरांत आणलं.

बॅनरवर बहुतेक वेळा टायपोग्राफी असते, दुकानाच्या लोगोत लेटरिंग असतं, लग्नपत्रिकेत दोन्ही. जार्गन इतकंच, पुढे साध्या भाषेत बोलू.

एआयला मराठी अक्षरं का जमत नाहीत?

तुम्ही फोनवर 'क्ष' टाइप करता तेव्हा आत एक अक्षर साठवलं जात नाही, तीन खुणा साठवल्या जातात, क, मग हलन्त (पाय मोडायची खूण), मग ष. 'कि' लिहिलं तर आत आधी क आणि मग वेलांटी असते, पडद्यावर मात्र वेलांटी क च्या आधी दिसते. हा जो सगळा हिशोब आहे, म्हणजे कुठली खूण कुठे सरकवायची, कुठे जोडाक्षर करायचं, रफार कुणाच्या डोक्यावर ठेवायचा, हे करणारा एक प्रोग्रॅम प्रत्येक फोनमध्ये आणि ब्राउझरमध्ये बसलेला असतो. शिवाय फॉन्ट बनवणाऱ्याने त्या प्रत्येक जोडीसाठी आकार काढून ठेवलेले असतात. हे दोघं मिळून बरोबर अक्षर दाखवतात.

चित्र काढणारं एआय ह्या रस्त्याने जातच नाही. त्याने लाखो चित्रं बघितलेली असतात, त्यात पाट्याही असतात, आणि त्यावरून ते 'असं काहीतरी इथे दिसायला हवं' म्हणून रंग भरत जातं. त्याच्या दृष्टीने अक्षर हीसुद्धा एक नक्षीच. इंग्रजीत अक्षरं थोडी, प्रत्येक सुटं, आणि शिकायला पाट्या अमाप, म्हणून इंग्रजी आता बरंचसं बरोबर यायला लागलंय. देवनागरीत काना-मात्रा-जोडाक्षरं धरून आकारांची संख्या शेकड्यांत जाते, बघायला मिळालेल्या पाट्या त्या मानाने कमी, मग शिरोरेषा बरोबर येते कारण ती सगळीकडे सारखीच असते आणि तिच्याखालचा मजकूर वाहून जातो.

ही शेकड्यांची अडचण जुनी आहे बरं का. शिशाच्या खिळ्यांवर, म्हणजे अक्षरांच्या सुट्या ठशांवर छापायचे तेव्हाही देवनागरीला शेकडो वेगवेगळे खिळे लागायचे. मुंबईत जावजी दादाजींनी निर्णयसागर छापखान्याचा टाइप घडवून घेतला, त्यात एकेका जोडाक्षरामागे कुणीतरी पोलादावर हाताने आकार कोरलेला होता. त्या खिळ्यांची छपाई आज पाहिली तरी डोळ्याला गार वाटते.

पण माणसाने केलेल्या बॅनरवरही अक्षरं तुटतात, त्याचं काय?

हो, आणि त्याची कारणं वेगळी आहेत.

एक कारण सेटिंगचं. फोटोशॉप, इलस्ट्रेटर, इनडिझाइन ह्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय लिपींसाठी वेगळा पर्याय चालू करावा लागतो, इनडिझाइनमध्ये त्याला वर्ल्ड-रेडी कंपोझर म्हणतात. तो बंद असेल तर वेलांटी उलट्या बाजूला जाते, हलन्त उघडे पडतात, जोडाक्षर सुटं होतं. डिझायनरला मराठी वाचता येत नसेल, आणि बडोद्यात असं पुष्कळदा होतं कारण काम करणारा गुजराती किंवा हिंदी भाषिक असतो, तर त्याला त्यात चूक दिसणारच नाही. त्याचा दोष नाही तो, त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

दुसरं कारण जुन्या फॉन्टचं. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला ठरलेला क्रमांक देणारी पद्धत, सगळीकडे पोचायच्या आधी कृतिदेव, श्रीलिपी, शिवाजी असे फॉन्ट चालायचे, छपाईवाल्यांकडे अजून चालतात. त्यांत आत इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात, वर फक्त मराठी आकाराचा मुखवटा. म्हणून तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर फाइल उघडली की सगळं इंग्रजी अगम्य दिसतं, आणि व्हॉट्सॅपवरून आलेला मजकूर त्या फॉन्टमध्ये चिकटवला की तोही बिघडतो. मग घाईघाईत कन्व्हर्टर लावतात आणि त्यात एखादा र कायमचा हरवतो.

देवनागरी वरून लटकते, हे लक्षात ठेवा

फॉन्ट निवडताना एवढी एकच गोष्ट डोक्यात पक्की बसली तरी निम्मं काम होतं. इंग्रजी अक्षरं जमिनीवर उभी असतात. आपली अक्षरं दोरीवर वाळत घातलेल्या कपड्यांसारखी वरून लटकतात, शिरोरेषा ही ती दोरी. आता दोरी मध्येमध्ये कापली तर काय होईल?

इंग्रजी मथळा जरा ऐसपैस दिसावा म्हणून अक्षरांमधली जागा वाढवायची पद्धत आहे, आणि कॅनव्हासारख्या अ‍ॅपमधले तयार टेम्प्लेट बहुतेक इंग्रजीसाठीच बनवलेले असल्यामुळे त्यात ती जागा आधीच वाढवलेली असते. तिथे मराठी चिकटवलं की शिरोरेषा तुकड्यातुकड्यांत तुटते, शब्द शब्द राहत नाही. मराठीत ती सेटिंग शून्यावर आणायची, बस. जागा हवी असेल तर शब्दांमध्ये द्या.

मग ओळींमधलं अंतर. आपल्याकडे वर रफार, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार, शिवाय एकावर एक रचलेली जोडाक्षरं. सॉफ्टवेअर साधारणपणे अक्षराच्या आकाराच्या १२० टक्के अंतर आपोआप देतं, ते इंग्रजीला पुरतं, आपल्याकडे वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो. दीडपटीच्या आसपास अंतर ठेवून बघा, मग डोळ्याने कमीजास्त करा.

आणि ठळकपणा! मंडळाच्या माणसाला सगळंच 'जरा बोल्ड करा' असं हवं असतं. पण घ आणि ध, भ आणि म, थ आणि य ह्या जोड्यांतला फरक एका छोट्या गाठीचा किंवा फटीचा आहे. फॉन्टमध्ये मुळात ठळक आवृत्ती नसताना सॉफ्टवेअरने जबरदस्ती जाड केलं की ती फट बुजते आणि लांबून 'धन' वाचलं काय नि 'घन' वाचलं काय. ज्या फॉन्टमध्ये ठळक आवृत्ती वेगळी काढलेली आहे तोच घ्या, कारण तिथे काढणाऱ्याने आतली पोकळी सांभाळलेली असते.

मराठीचा श, मराठीचा ल आणि आचारी

देवनागरी एकच असली तरी मराठीची काही वळणं हिंदीहून निराळी आहेत. महाराष्ट्र सरकारने २००९ साली प्रमाण वर्णमाला ठरवली त्यात देठाचा श आणि पाकळीचा ल घेतला, शाळेत आपण तेच गिरवतो. कॉम्प्युटरवर मात्र हिंदी वळण आधी येतं. चांगल्या फॉन्टमध्ये मराठी वळणही आत दडवून ठेवलेलं असतं, मजकुराची भाषा 'मराठी' केली की ते बाहेर येतं. बडोद्यासारख्या ठिकाणी, जिथे पुढच्या पिढीला मराठी अक्षर वाचायला मुळात पाट्या आणि पत्रिकाच उरल्यात, तिथे ही वळणं टिकावीत असं मला फार वाटतं.

वळण हा आवडीचा भाग म्हणून सोडून देता येईल, पण ऱ सोडता येत नाही. लग्नाच्या आमंत्रणात 'आचार्यांना' दक्षिणा आणि 'आचाऱ्यांना' बिदागी ह्या वेगळ्या माणसांना द्यायच्या गोष्टी आहेत. फॉन्टमध्ये तो डोळ्याच्या पापणीसारखा अर्धा र नसेल तर दोन्हीकडे रफारच उमटतो. नवा फॉन्ट घेतला की मी आधी त्यात 'बऱ्हाणपूर', 'वाऱ्यावर' आणि 'दुसऱ्या' लिहून बघतो. जमलं तर पुढे.

एकाच पाटीवर गुजराती, मराठी आणि इंग्रजी

ही खास आपल्या गावची अडचण. गुजरातीला शिरोरेषा नाही, त्यामुळे शेजारी देवनागरी ठेवली की वरच्या सलग रेघेमुळे देवनागरी जड आणि दाट दिसते, जरी आकड्यात दोन्हींचा साइज एक असला तरी. इथे आकड्यावर विश्वास ठेवायचा नाही, डोळ्याने जुळवायचं. सोपा मार्ग म्हणजे एकाच कुटुंबातले फॉन्ट घेणं, जिथे एकाच विचाराने वेगवेगळ्या लिपी काढल्यात. मुंबईच्या 'एक टाइप' ह्या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचा मुक्ता आहे, त्याचं गुजराती भावंड मुक्ता वाणी. त्यांचाच बलू, गोलमटोल, मुलांच्या कार्यक्रमाला छान. इंडियन टाइप फाउंड्रीचा हिंद आहे, आणि त्याच्या गुजराती भावंडाचं नाव चक्क 'हिंद वडोदरा' आहे! हे सगळे गूगल फॉन्ट्सवर फुकट मिळतात, धंद्याच्या कामालाही वापरता येतात, त्यामुळे चांगले फॉन्ट महाग असतात ही सबब आता चालत नाही.

यात चित्रकला कुठून आली?

आतापर्यंत मी जेवढं सांगितलं त्यात शेवटी प्रत्येक वेळी 'डोळ्याने बघा' असंच आलं. हा डोळा तयार कसा होतो हाच तर सगळा मुद्दा आहे.

आपला डोळा मापाप्रमाणे बघत नाही. सारख्याच जाडीची आडवी आणि उभी रेघ काढली तर आडवी जास्त जाड दिसते, म्हणून अक्षर काढणारे आडवी रेघ किंचित बारीक ठेवतात. गोल आकार चौकोनाएवढाच उंच काढला तर तो बुटका दिसतो, म्हणून गोल थोडा बाहेर काढतात. ही माहिती पुस्तकात वाचून पाठ होते, पण पाटीकडे बघताना 'हा गोल बसका वाटतोय' असं आतून जाणवणं हे ज्याने शंभरदा गोल काढून खोडलाय त्यालाच होतं.

एक करून बघा. दोन पेन्सिली घ्या, शेजारीशेजारी धरून दोन्हीकडून रबरबँड लावा, टोकं एका रेषेत आली पाहिजेत. झाला तुमचा बोरू तयार, दोन टोकांमधली जागा म्हणजे त्याची जाडी. आता डावं टोक वर आणि उजवं खाली राहील असं तिरकं धरा आणि तो तिरकेपणा न बदलता मोठा 'व' काढा. गोलाची वरची डावी कड रुंद येईल आणि खालच्या डाव्या कडेला दोन्ही रेघा जवळ येऊन जवळजवळ एक होतील. आता पेन्सिली उलट्या तिरक्या धरा, इंग्रजी कॅलिग्राफीचं पेन धरतात तशा, आणि तोच 'व' पुन्हा काढा. जाड आणि बारीक जागा बरोबर उलट्या होतील आणि अक्षर बघताक्षणी परकं वाटेल. आपला बोरू इंग्रजी टाकाच्या उलट बाजूला तासलेला असतो, त्याचं कारण हे, आणि बाजारात मिळणाऱ्या इंग्रजी मार्करने लिहिलेली देवनागरी कशीतरीच का दिसते त्याचंही. हे एकदा हाताला कळलं की पुढे फॉन्टच्या यादीतून जाताना कुठला फॉन्ट इंग्रजी अक्षराला शिरोरेषा चिकटवून बनवलाय हे लगेच दिसायला लागतं, कुणी सांगावं लागत नाही.

दुसरी गोष्ट पोकळीची. 'ण' काढताना विद्यार्थी काळ्या रेघा बघतो. ड्रॉइंगच्या तासाला पहिल्यांदा खुर्ची काढायला देतात आणि सांगतात की खुर्ची काढू नका, पायांमधली रिकामी जागा काढा. ती सवय लागली की 'ण' च्या दोन उभ्या रेघांमधला पांढरा पट्टा दिसायला लागतो, आणि अक्षरं एकमेकांपासून किती लांब ठेवायची हा प्रश्न त्या पांढऱ्यावरूनच सुटतो.

आणि कच्ची चित्रं. लोगो करायचा तर आधी कागदावर काडेपेटीएवढी पंधरावीस चित्रं भराभर काढायची, वाईट असली तरी चालतील. पहिल्या चार-पाच कल्पना प्रत्येकालाच सुचतात, त्या कागदावर उतरल्याशिवाय डोक्यातून जात नाहीत. कॉम्प्युटरवर थेट बसलं की पहिलीच कल्पना इतकी गुळगुळीत दिसते की माणूस तिथेच थांबतो.

आपल्या गावाला हे नवीन नाही. सयाजीराव महाराजांच्या काळात १८९० साली कलाभवन सुरू झालं, तिथे चित्रकला तंत्राच्या आणि कारागिरीच्या शिक्षणासोबत शिकवायचे, आणि आजची युनिव्हर्सिटीची इंजिनिअरिंग फॅकल्टी त्यातूनच पुढे आली. दादासाहेब फाळके इथे चित्रकला आणि फोटोग्राफी शिकले, नंतर छपाईच्या धंद्यात गेले आणि मग सिनेमाकडे. १९५० साली फाइन आर्ट्स फॅकल्टी निघाली तेव्हा शिकवायला आले चित्रकार ना. श्री. बेंद्रे, मूळ इंदूरचे, देवळालीकर मास्तरांच्या हाताखाली तयार झालेले. हात चालला की डोकं चालतं, असं मानणाऱ्या लोकांनी उभं केलेलं गाव आहे हे.

"पण मला चित्र काढता येत नाही"

हुबेहूब चेहरा काढता येणं म्हणजे ड्रॉइंग, ही समजूत आधी काढून टाका. ग्राफिक डिझाइनला लागणारं ड्रॉइंग वेगळं असतं, प्रमाण कळणं, रेघेवर ताबा, मनातलं दुसऱ्याला समजेल इतपत कागदावर उतरवणं. उत्तम चित्रकार नसलेले पण फार चांगले डिझायनर पुष्कळ आहेत. अजिबात न बघणारे चांगले डिझायनर मात्र मला भेटलेले नाहीत. आयआयटी मुंबई घेते त्या यूसीड ह्या डिझाइनच्या प्रवेशपरीक्षेत आजही कागदावर हाताने काढायचा भाग आहे, आणि तिथेही तुमची शेडिंग किती मऊ आहे त्यापेक्षा तुम्ही काय आणि कसं बघता ह्यालाच महत्त्व असतं. रोज अर्धा तास, घरातल्या वस्तू, आणि आठवड्यातून एकदा मांडवीच्या आसपास फिरून जुन्या रंगवलेल्या पाट्यांची अक्षरं वहीत उतरवा. बारावीपर्यंत हात बसतो.

"एआय दोन वर्षांत सगळं शिकेल"

शिकेलही. अक्षरं बरोबर काढेल, मराठी श सुद्धा काढेल. पण तुमच्यासमोर चाळीस पर्याय टाकेल, त्यातला सत्यनारायणाच्या आमंत्रणाला कुठला आणि दवाखान्याच्या पाटीला कुठला हे कोण ठरवणार? विंडोजवर वर्षानुवर्षं आपण जो 'मंगल' फॉन्ट बघितला तो र. कृ. जोशींनी केलेला. ते कवी होते, कॅलिग्राफर होते, आयआयटी मुंबईच्या आयडीसीत, म्हणजे तिथल्या डिझाइन विभागात शिकवायचे. कॉम्प्युटरवर भारतीय लिपी नीट दिसाव्यात म्हणून ते आयुष्यभर झटले, आणि त्यांच्या हातात आधी ब्रश होता. मशीन बदलत गेलं तरी मशीनला काय सांगायचं हे ठाऊक असलेल्या माणसाची गरज काही गेली नाही.

"गिऱ्हाइकाला काय कळतंय?"

त्याला कारण सांगता येत नाही, पण परिणाम त्याच्यावर होतोच. औषधाच्या दुकानाची पाटी वाचायला त्रास झाला तर तो पुढच्या दुकानात जातो. आजीला पत्रिकेवरचा हॉल सापडत नाही. मंडळाच्या बॅनरवर देवाचंच नाव तुटलेलं असेल तर म्हातारी माणसं थांबतात, पुन्हा वाचतात आणि मान हलवून पुढे जातात. त्यांना वाईट वाटतं, आणि वाटायलाच हवं.

छापायला देण्याआधी

एआयचं चित्र घ्यायचं असेल तर खुशाल घ्या, पण त्याला 'अक्षरं नकोत, खाली जागा मोकळी ठेव' असं सांगा आणि मजकूर नंतर स्वतः टाइप करून टाका. टाइप केलेला मजकूर मराठी वाचणाऱ्या, आणि शक्यतो तो मजकूर आधी न बघितलेल्या माणसाकडून वाचून घ्या, मोठ्याने. एक छोटी प्रिंट काढून भिंतीवर लावा आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बघा, जे तिथून वाचता येत नाही ते रस्त्यावरूनही येणार नाही. छापखान्यात फाइल देताना अक्षरांचं आउटलाइन करून, म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करून द्या, म्हणजे त्यांच्याकडे तो फॉन्ट नसला तरी काही हलणार नाही, आणि आउटलाइन न केलेली मूळ फाइल स्वतःकडे वेगळी ठेवा, कारण रात्री अकरा वाजता कार्यकर्त्याचा फोन येणारच की प्रमुख पाहुण्यांचं नाव बदललंय.